एकही गाय उठता कामा नये

आर्मेल व्हिदालच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर ओब्राकच्या पठाराचा मोठा नकाशा टाचलेला होता आणि त्यावर हिरव्या शाईनं काढलेला एक फेरा होता. एक्केचाळीस किलोमीटरचा. ला फाज गावाच्या चर्चपासून निघायचं, बंद पडलेल्या आगगाडीच्या वाटेनं बोगद्यातून पलीकडे जायचं, मग लाकूडतोड्यांची रानवाट, मग उघडं पठार, आणि फिरून चर्च. सगळी खडी, माती आणि गवत. डांबराचा थेंब नाही, मोटारीचा वास नाही. फक्त एका जागी, तीन किलोमीटरपुरती, हिरवी रेघ तुटलेली होती. ते लेओंस केरोलचं कुरण होतं, आणि केरोलची सही काही मिळत नव्हती.

ते तीन किलोमीटर मिळाले नाहीत, तर सायकलींना खालच्या मोठ्या रस्त्यावर उतरावं लागणार होतं. ओंडक्यांचे ट्रक धावतात त्या रस्त्यावर. चौतीस वर्षं आर्मेलनं त्याच रस्त्यानं पोस्टाची पिवळी गाडी हाकली, तिला ओरखडासुद्धा आला नाही. निवृत्त झाली, हौसेनं जाड चाकांची सायकल घेतली, आणि दुसऱ्याच महिन्यात एक ट्रक इतक्या जवळून घासून गेला की बाई सायकलसकट गटारात. खांद्याचं हाड मोडलं. ट्रकवाल्याला पत्ताही लागला नाही, तो शीळ घालत पुढे गेला असेल. प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या आर्मेलनं मनाशी ठरवलं, की या पठारावर असा एक फेरा काढीन, जिथं सायकलवाल्याला मागे वळून बघावंच लागणार नाही. त्याला आता दोन वर्षं झाली होती. एकदा बाईनं मनावर घेतलं की देवानं सुद्धा बाजूला व्हावं, अशी तिची ख्याती.

सोमवारी नकाशा छापायला जायचा होता. जिल्ह्याच्या लोकांनी स्वच्छ सांगितलं होतं, एक मीटर जरी मोटाररस्ता असला तरी 'मोटारमुक्त' ही पाटी मिळणार नाही. म्हणून आदल्या सोमवारी आर्मेल सातव्यांदा केरोलच्या दारात उभी राहिली. बरोबर नादेज होती, गावच्या शाळेतली मास्तरीण, पस्तिशीची, सायकलवर वाऱ्यासारखी आणि बोलण्यात मिरचीसारखी.

केरोल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. गुडघा गेलेला, ताठा शाबूत. टेबलाशी बसून तो आपल्या खिशातल्या चाकूनं चीजचे पातळ काप काढत होता. त्यानं दोघींना बसा म्हटलं नाही, पण दोन पेले पुढे सरकवले. म्हणजे बसा.

"केरोलबाबा," आर्मेल म्हणाली, "सायकलवाले काय तुमचं गवत खाणार आहेत?"

"गवत कशाला खातील? माझ्या गाईंची झोप खातील." त्यानं चाकू तिच्याकडे रोखला. "सायकल गुपचूप येते, पोस्टवाली. रानात गुपचूप कोण येतं? लांडगा नाहीतर चोर."

"मी कधी गुपचूप आले?"

"तू? तुझा भोंगा तीन टेकड्यांपलीकडून ऐकू यायचा. माझ्या कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं होतं."

"त्या कोंबड्या म्हाताऱ्या होत्या, बाबा. उगाच माझ्या भोंग्याच्या नावावर खपवू नका."

नादेज फसकन हसली. केरोलनं हसू दाबलं, पण मिशी हललीच. मग तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर खालच्या कुरणात त्याच्या गाई पसरल्या होत्या, गव्हाळ रंगाच्या, डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या. जूनचा पहिला आठवडा. खरं तर त्यांनी आतापर्यंत वर असायला हवं होतं, पठाराच्या माथ्यावर. इथं मे महिन्याच्या शेवटी गाई वर चढतात आणि ऑक्टोबरात उतरतात, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. पण केरोलची मार्किझ, कळपाच्या पुढे चालणारी गाय, फेब्रुवारीत म्हातारपणानं मेली. तेव्हापासून कळपाला पुढारी उरला नाही. तीनदा शेजाऱ्यांनी काठ्या-कुत्री घेऊन गाई वर न्यायला बघितल्या, आणि तीनदा त्या ओढ्यावरच्या लाकडी पुलापाशी थांबल्या आणि मागे फिरल्या. केरोलनं दुसऱ्या गाईच्या गळ्यात नवी घंटा बांधून पाहिली. गाईंनी तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. वर गवत गुडघाभर वाढलं होतं आणि खाली गाई माती चाटायच्या बेताला आल्या होत्या. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून केरोलसमोर कुणी त्याचा विषय काढत नसे.

"ऐक," केरोल एकदम म्हणाला. "शनिवारी, दुपारी दोन वाजता. गाई जेवून रवंथ करत बसलेल्या असतात तेव्हा. खालच्या फाटकातून आत ये आणि वरच्या दगडी झोपडीपर्यंत सायकलनं जा. माझी एकही गाय उठता कामा नये. एक जरी उठली, तरी सही नाही, आणि पुन्हा माझ्या दारात यायचं नाही. कुणी नाही उठली, तर तुझा कागद आण."

"बासष्ट गाई आहेत, बाबा!" नादेज म्हणाली.

"मग? मला मोजता येतात."

"कबूल," आर्मेल म्हणाली. पेला रिकामा करून ती उठली. बाहेर येईपर्यंत तिचा चेहरा असा फुलला होता, की जणू सही मिळालीच.

"तुला काय झालंय?" नादेज म्हणाली. "अगं, एकही नाही म्हणजे एकही नाही!"

"सहा वेळा नुसतं 'नाही' म्हणाला तो. आज पहिल्यांदा 'नाहीतर' म्हणाला. चल, तालीम करू!"

तालीम बुधवारी झाली, नादेजच्या दिराच्या शेतात, अकरा गाईंवर. आर्मेलनं खडीवर सायकल उड्या मारू नये म्हणून चाकांतली हवा कमी केली, साखळीला तेल घातलं, श्वास रोखला आणि मांजरीच्या पावलांनी निघाली. पहिल्या गाईला ती दिसली तेव्हा अंतर होतं चार हात. गाय तीनताड उडाली. अकराच्या अकरा शेपट्या वर करून पळाल्या, आणि एक तर दगडी बांधावरून उडी मारून शेजाऱ्याच्या बटाट्यांत गेली. त्या गोळा करता करता दोघींच्या नाकी नऊ आले.

"केरोलबाबा बरोबर बोलला," आर्मेल धापा टाकत म्हणाली. "गुपचूप येणंच चूक आहे. त्यांना लांबूनच कळायला हवं, की कोणी तरी येतंय, आपलंच येतंय."

"मग भोंगा लाव!"

"भोंगा नको. काय लावायचं ते मला सुचलंय."

तिच्या दाराला एक घंटा टांगलेली होती. एप्रिलमध्ये गावच्या जुन्या सामानाच्या बाजारात, एका खोक्यात, काटे-चमच्यांच्या खाली सापडलेली. नारळाएवढी, जाड लोखंडी, एका बाजूला खोक पडलेली. त्या खोकीमुळे तिचा आवाज आधी ठण्ण व्हायचा आणि मग घसा बसल्यासारखा डब्ब. आर्मेलला तो आवाज आवडला होता, म्हणून पाहुण्यांसाठी दारावर लावली. आता ती उतरवून तिनं चामडी पट्ट्यानं सायकलच्या हँडलला बांधली. गुरुवारी आणि शुक्रवारी दिराच्या गाईंवर पुन्हा तालीम झाली. घंटा लांबून वाजत आली तर गाई मान वळवत, बघत आणि पुन्हा रवंथ करत. एकही उठली नाही! शुक्रवारी संध्याकाळी आर्मेल त्या शेतात सायकलभोवती अक्षरशः नाचली. बासष्ट वर्षांची बाई, मोडून जुळलेला खांदा, आणि नाचतेय. नादेजनं तिचा फोटो काढला.

दोघींना एक गोष्ट आठवली नाही. आर्मेलचा बाप गुराखी होता आणि लहानपणी शंभर वेळा म्हणायचा, घंटा कुणाची ते कळल्याशिवाय तिला दुसऱ्याच्या कुरणात नेऊ नये. या पठारावर लहान पोरांनाही हे ठाऊक असतं. पण उत्साहाच्या भरात माणूस जे विसरतो, ते नेमकं हेच.

शनिवारी ऊन लखलखत होतं. केरोल फाटकाशी तीन पायांच्या स्टुलावर बसला होता, गळ्यात दुर्बीण, शेजारी त्याची जुनी चारचाकी फटफटी. फाटकाच्या आत वाट सुरू व्हायची, पांढऱ्या खडीची, मधे गवताचा पट्टा, आणि दोन्ही बाजूंना गाई बसलेल्या, जबडे संथ हलणारे. आर्मेलनं घंटेच्या लोलकाला सध्या पायमोजा गुंडाळला होता, उगाच आधीच वाजायला नको म्हणून.

"झालं तयार?" केरोल म्हणाला. "एक जरी उठली..."

"ऐकलंय, बाबा. तुम्ही फक्त मोजा."

फाटकातून आत शिरून ती पन्नास पावलं पुढे गेली आणि चालत्या सायकलवर एका हातानं मोजा काढून तिनं खिशात कोंबला. घंटा वाजली. ठण्ण, डब्ब.

सगळे जबडे थांबले.

दिराच्या गाईंनी असं केलं नव्हतं. इथं बासष्टच्या बासष्ट माना एकदम तिच्याकडे वळल्या आणि तशाच राहिल्या. ठण्ण, डब्ब. डावीकडची एक थोराड गाय मागचे पाय सरळ करत उठली. मग तिच्या पलीकडची. मग चार. मग दगड घरंगळावेत तसा खुरांचा आवाज झाला आणि सगळं कुरण उभं राहिलं. त्याच क्षणी आर्मेलला बापाचा शब्द आठवला, अगदी त्याच्या आवाजात. घंटा कुणाची?

गेली, तिच्या मनात आलं. सही गेली, फेरा गेला, पुन्हा ट्रक आणि गटार. डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ संताप आला. स्वतःचाच. हरायचंच आहे तर वरपर्यंत जाऊन हरू, मधेच उतरून त्या म्हाताऱ्याला तोंड कशाला दाखवू? तिनं दात आवळले आणि पायडल दाबलं.

मागे खूर वाजले. तिनं वळून बघितलं. कळप तिच्या मागे लागला होता! साठ-बासष्ट गाई, प्रत्येकीचं वजन तिच्या सायकलच्या साठपट, वाट भरून धावत येत होत्या. ती जोरात पळवायला लागली, तशी घंटा जोरात वाजायला लागली, आणि घंटा जोरात वाजायला लागली तशा गाई आणखी जोरात. खडी चाकाखालून उडत होती. चढ असा की श्वास छातीत मावेना. फाटकाकडून नादेजचं ओरडणं ऐकू आलं, पण शब्द कळले नाहीत. केरोलही उठून उभा राहून काही तरी ओरडत होता, दोन्ही हात वर करून. शिव्या देत असणार, तिला वाटलं, आणि हक्क आहे त्याचा.

ओढ्यावरचा लाकडी पूल आला. ती फळ्यांवरून धडधडत पलीकडे गेली, आणि तिथं तिच्या पायांतलं बळ संपलं. सायकल थांबली, घंटा थांबली. ती हँडलवर ओणवी होऊन धापा टाकत राहिली. आता तुडवतील, असं म्हणून तिनं डोळे मिटले.

काहीच झालं नाही. तिनं डोळे उघडून मागे बघितलं. गाई पुलाच्या त्या बाजूला थांबल्या होत्या, एकमेकींना रेटत, फळ्या हुंगत. पुढे त्याच थोराड गाईचं तोंड होतं, जी सगळ्यांत आधी उठली होती. शिंगं खाली घातलेली नव्हती. राग कुठेच नव्हता. ती आर्मेलकडे काजळभरल्या डोळ्यांनी बघत होती, एखाद्या पोरानं रस्ता ओलांडताना आईकडे बघावं तशी.

मागे लागल्या नाहीत या. मागून येतायत! आणि हाच तो पूल, जिथून त्या तीनदा मागे फिरल्या होत्या.

तिनं हँडल हळूच हलवलं. ठण्ण. डब्ब.

गाईनं एक खूर फळीवर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.

"ये गं," आर्मेल म्हणाली. "ये, राणी, काही नाही होत. मी आत्ताच आले ना? ये!"

ठण्ण, डब्ब. दुसरा खूर. मग पूल गर्जायला लागला आणि एकीमागून एक गाई पलीकडे यायला लागल्या, आणि आर्मेल हसत-रडत पायडलवर उभी राहिली. आता तिला भीती नव्हती, थकवाही नव्हता, की होता आणि कळत नव्हता. सगळ्यांत हलका गिअर टाकून ती चढायला लागली, गाईच्या चालीनं, ना उशीर ना घाई. मांड्या पेटल्या होत्या. खडीवर मागचं चाक घसरायचं, पुन्हा पकड घ्यायचं. मागून बासष्ट गाईंचा श्वास येत होता, गरम, गवताच्या वासाचा. ती घंटेच्या तालावर ओरडत होती, "या! या! चला गं!" चौतीस वर्षं तिनं या पठारावर पत्रं वाटली, पण तिच्या मागे कुणी असं आनंदानं आलं नव्हतं.

माथ्यावर दगडी झोपडी होती आणि झोपडीभोवती गवत, गुडघ्यापर्यंत, पांढऱ्या रानफुलांनी भरलेलं. आर्मेल भिंतीला टेकून उतरली. गाई तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या, पसरल्या, आणि क्षणात सगळं पठार चरण्याच्या कुरकुर आवाजानं भरून गेलं.

बऱ्याच वेळानं फटफटी आली. केरोल चालवत होता आणि नादेज मागे त्याला घट्ट धरून बसली होती, चेहरा पांढराफटक, कारण म्हातारा चालवतच तसा होता. तो उतरला. गाईंकडे बघितलं नाही. लंगडत सरळ सायकलपाशी आला, वाकला आणि घंटेच्या खोकीवरून अंगठा फिरवला.

"ही कुठे मिळाली तुला?"

"बाजारात. एका खोक्यात, काट्या-चमच्यांखाली. बाबा, मला खरंच माहीत नव्हतं..."

"मार्किझची आहे. ही खोक ती वासरू असताना पडली, दगडावर आपटून. ती गेली तेव्हा मी रागानं कोठारात फेकली. मग भाची आली साफसफाई करायला आणि सगळं विकून मोकळी झाली. दोन महिने शोधतोय. कुणाला सांगणार? म्हाताऱ्यानं घंटा हरवली म्हणून गाई वर जात नाहीत, हे लोकांना सांगू?"

आर्मेल पट्टा सोडायला लागली. "घ्या, बाबा. आणि आता बोलून टाका. मी हरले."

केरोल स्टूल नसल्यामुळे दगडावर बसला. मग त्यानं पहिल्यांदा गाईंकडे बघितलं, एकेकीकडे, ओठांनी मोजत.

"एक उठली तर सही नाही, असं म्हणालो होतो."

"हो."

"बासष्ट उठल्या."

"हो, बाबा."

"बासष्ट उठल्यावर काय करायचं ते आपलं ठरलं नव्हतं." त्यानं हात पुढे केला. "कागद दे."

नादेजनं किंचाळीच फोडली. ती घाईघाईनं पाठ वाकवून उभी राहिली, केरोलनं तिच्या पाठीवर कागद ठेवून सही केली, आणि सही करता करता म्हणाला, "हलू नको, मास्तरीण. तू हललीस तर वाट शेजाऱ्याच्या शेतातून जाईल."

"आणि घंटा?" आर्मेलनं विचारलं. ती हसत होती आणि नाक पुसत होती, एकाच वेळी.

"तुझ्याकडेच राहू दे. गाईच्या गळ्यात बांधली की गाय मरते आणि घंटा हरवते. तू रोज सायकल चालवतेस, तू काही लवकर मरत नाहीस. ऑक्टोबरात गाई उतरवायला ये. मेमध्ये चढवायला ये. मधल्या काळात तुझ्या त्या चड्डीवाल्यांना काय फिरायचं ते फिरू देत."

जुलैच्या पहिल्या रविवारी दोनशे सायकली चर्चपासून निघाल्या. हिरवी रेघ आता कुठेच तुटलेली नव्हती. आर्मेल सगळ्यांत पुढे, हँडलला घंटा, घंटेला मोजा. बोगद्यात लोक लहान पोरांसारखे ओरडले, रानवाटेवर गप्प झाले, आणि कुणीही, एकदाही, मागे वळून ट्रक येतोय का ते बघितलं नाही. आर्मेलनं ते मुद्दाम ध्यानात ठेवलं.

केरोलच्या फाटकापाशी ती थांबली. तिथं नवी फळी ठोकलेली होती, त्यावर काळ्या रंगानं, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

फाटक जसं असेल तसं ठेवा. लांबूनच बोलत या. घंटा वाजवू नका. इथली घंटा आर्मेल वाजवते.

तिनं ते दोनदा वाचलं. चौतीस वर्षं ती त्याच्या दारात पत्रं टाकत आली होती आणि इतक्या वर्षांत त्यानं तिला पोस्टवालीशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. आपलं नाव त्याला ठाऊक आहे, हेच तिला ठाऊक नव्हतं.

"पुढे काय अडलंय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"काही नाही! चला, गप्पा मारत चला!" आर्मेल म्हणाली. तिनं मोज्यावरून घंटेचा लोलक मुठीत घट्ट धरला आणि एका हातानं सायकल चालवत फाटकातून आत शिरली. पूल ओलांडला, चढ चढला. वर झोपडीभोवती गाई बसल्या होत्या, रवंथ करत, आणि झोपडीच्या दारात केरोल स्टुलावर बसून दुर्बिणीतून बघत होता. दोनशे सायकली बडबडत, हसत, खडी वाजवत त्यांच्यामधून गेल्या.

एकही गाय उठली नाही.